अल्प खर्चात रायगडचा किनारा : बारा महिन्यांच्या सहलींचे नियोजन

उरणच्या मोरा बंदरापासून सावित्री नदीच्या मुखाशी वसलेल्या बागमांडल्यापर्यंत रायगड जिल्ह्याचा किनारा पसरलेला आहे. उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन हे चार तालुके थेट सागराला भिडलेले असून मुंबई आणि पुणे ही दोन महानगरे येथून अवघ्या काही तासांच्या अंतरावर आहेत. या जवळिकीचा लाभ किनाऱ्याला होतो, त्याचप्रमाणे तिचा भारही त्यालाच सोसावा लागतो. मे महिना, दिवाळीची सुट्टी, वर्षअखेरचा आठवडा आणि शनिवार-रविवार या मोजक्या दिवसांत सारी गर्दी एकवटते. निवासाचे दर चढतात, एस.टी.त उभे राहण्यासही जागा उरत नाही आणि लहान गावांतील पाणीपुरवठा व स्वच्छता यांवर ताण पडतो. उलट, वर्षातील उरलेल्या कितीतरी दिवशी त्याच गावांतील खोल्या रिकाम्या राहतात.

मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने, जिल्हा परिषदेच्या शाळेने अथवा ग्रामीण महिला मंडळाने सहलीचा विचार करताना ही स्थिती ध्यानात घेतली, तर तेवढ्याच पैशांत अधिक पाहता येते. मात्र केवळ स्वस्ताईचा हिशेब पुरेसा नाही. दिनांक १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेल्या पुण्यातील एका महाविद्यालयाच्या १४ विद्यार्थ्यांना जलसमाधी मिळाली. ऋतू अनुकूल होता. तरीही हा अनर्थ घडला. म्हणूनच महिना ऋतू पाहून निवडावा, दिवस तिथी पाहून ठरवावा आणि पाण्याजवळ जाण्याची वेळ भरती-ओहोटी पाहून नेमावी, हे सूत्र प्रत्येक सहलप्रमुखाने स्वीकारणे अगत्याचे आहे.

खर्चाची चार अंगे

सहलीचा खर्च प्रवास, निवास, भोजन आणि स्थळदर्शन अशा चार भागांत विभागता येतो. यांपैकी एस.टी.चे भाडे पर्यटकांच्या गर्दीनुसार रोज बदलत नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमधून महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो; ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची सवलत आहे. शैक्षणिक सहलींसाठीही महामंडळ सवलतीने बस देते. त्यासाठी आगाराकडे वेळीच अर्ज करावा. अनेक ठिकाणे पाहावयाची असल्यास चार वा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास उपयुक्त ठरतो.

महिन्यागणिक व वारागणिक बदलतो तो निवासाचा खर्च. खरी बचत येथेच आहे. सोमवार ते गुरुवार या दिवसांत मुक्काम करावा, रोज नवे गाव न गाठता एकाच गावी राहून आसपासची स्थळे पाहावीत आणि शक्यतो गावकऱ्यांच्या घरगुती निवासात उतरावे. तेथे भोजनही घरचेच मिळते आणि दिलेला पैसा गावातच राहतो.

तिथीचा पाऊणपट

समुद्राला दिवसातून साधारणतः दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि ही वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून कोकणात एक सोपा ठोकताळा रूढ आहे. चालू तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीस चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. अर्थात दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि त्याआधी व नंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे सकाळी व रात्री नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी असते. शुद्ध आणि वद्य या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. त्या वेळी पाणी जसे खूप चढते तसे ओहोटीस खूप दूरही जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि पुरते ओसरतही नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी जाऊन पाहता येतो. त्यासाठी दुपारची ओहोटी साधावी म्हणून अष्टमी निवडली, तर वाटेत पाणी राहून निराशा होण्याचा संभव असतो. तृतीया ते पंचमी या तिथींना ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते, पाणीही पुष्कळ हटलेले असते आणि परतण्यास दिवसाचा उजेड असतो. म्हणून शाळांना याच तिथी सोयीच्या होत. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि पाणी फिरल्यावर रेंगाळू नये. हा ठोकताळा नियोजनापुरता आहे, हे विसरू नये. प्रत्यक्ष त्या दिवशी भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक आणि स्थानिक कोळी बांधवांचा सल्ला हाच प्रमाण मानावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी

हा किनाऱ्याचा सर्वोत्तम काळ होय. दिवाळीची सुट्टी सरल्यानंतरचा नोव्हेंबर विशेष स्वस्त व सुखद असतो. या महिन्यात अलिबाग येथे मुक्काम करून आक्षी, चौल, रेवदंडा व कोर्लई हा पट्टा पाहावा. आक्षीचा शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ मधील मानला जाणारा शिलालेख मराठी भाषेच्या अभ्यासात महत्त्वाचा आहे. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितिन याच चौल बंदरात उतरला होता. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीज सत्तेची साक्ष देतो आणि पायथ्याच्या गावात पोर्तुगीज-मराठी संपर्कातून घडलेली एक स्वतंत्र बोली आजही ऐकू येते. इतिहास आणि भाषा या दोन्ही विषयांचा पाठ एकाच दिवसात शिकविता येईल असा हा प्रदेश आहे.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घारापुरीची सहल करावी. इ.स. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली ही लेणी सोमवारी बंद असतात, हे आधीच लक्षात ठेवावे. मार्गशीर्ष पौर्णिमेस चौलच्या टेकडीवर दत्ताची यात्रा भरते. यात्रेची हौस असणाऱ्यांनी त्या सुमारास जावे, इतरांनी ती तिथी टाळावी. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मात्र अल्प खर्चाच्या सहलीचा विचारच करू नये.

जानेवारीत मुरूड गाठावे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यास जाता येते. होडीत मर्यादेबाहेर माणसे बसू देऊ नयेत. याच दिवसांत वालाच्या शेंगा भरतात आणि भांबुर्ड्याच्या पाल्याने भरलेल्या मडक्यातील पोपटीचा बेत गावोगाव होतो. फेब्रुवारीत अलिबाग परिसरात पांढऱ्या कांद्याच्या माळा विक्रीस येऊ लागतात. या कांद्यास २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आक्षीच्या किनाऱ्यावर या काळात स्थलांतरित पाणपक्ष्यांचेही दर्शन घडते.

मार्च ते मे

मार्च महिना श्रीवर्धन तालुक्यासाठी राखावा. हरिहरेश्वर, मारळ व दिवेआगर परिसरात ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची घरटी आढळतात आणि या सुमारास पिल्ले समुद्राकडे झेपावतात. ते दृश्य वनकर्मचारी व कासवमित्रांच्या मार्गदर्शनाखाली, दुरूनच पाहावे. हरिहरेश्वर येथील सागरकाठचा प्रदक्षिणामार्ग केवळ ओहोटीच्या वेळीच आक्रमावा. महाशिवरात्रीची गर्दी टाळावी. शिमगा हा कोळी समाजाचा मोठा सण. त्या दिवसांत होडीवाले व घरमालक आपल्या उत्सवात असतात, हे लक्षात घेऊन आधी विचारणा करावी.

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्यापासून मेची झुंबड सुरू होईपर्यंत काही दिवस मोकळे मिळतात. उन्हाचा ताप असला तरी श्रीवर्धन व दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत गारवा असतो. श्रीवर्धनी रोठा सुपारी याच मातीतील. दिनांक ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या वाड्या मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केल्या. नव्याने लावलेली पोफळ फळावर येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. अशा बागायतदारास आडमोसमात मिळालेला एक पाहुणाही आधार वाटतो. अल्प खर्चाची सहल ही यजमानाच्या दृष्टीनेही अल्प लाभाची नसते, हे यावरून समजावे.

मे महिन्यात दर सर्वाधिक आणि पाणी सर्वांत कमी, अशी स्थिती असते. सुट्टी याच महिन्यात मिळणाऱ्या कुटुंबांनी मुक्काम टाळून एक दिवसाची सहल करावी. सासवणे येथील शिल्पकार करमरकर यांचे शिल्पालय अशा सहलीस उत्तम आहे. पुण्यातील १९२८ चा अश्वारूढ शिवपुतळा याच शिल्पकाराच्या हातून घडला. महिनाअखेरीस समुद्र खवळू लागतो आणि मांडव्याची प्रवासी जलवाहतूक पावसाळ्यासाठी थांबते, याची जाणीव ठेवावी.

जून ते ऑक्टोबर

जूनपासून समुद्रस्नान व होडीचा प्रवास पूर्णतः वर्ज्य समजावा. १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. कोळी बांधव ज्या पाण्यात जात नाहीत त्यात पाहुण्याने उतरणे हा अविचार होय. या महिन्यात उरण हे ठिकाण सोयीचे आहे. जानेवारी २०२४ पासून उपनगरी रेल्वे उरणपर्यंत धावू लागल्याने मुंबई व नवी मुंबईकरांना थोड्या खर्चात जाऊन सायंकाळी परतता येते.

जुलै हा सहलीचा महिनाच नव्हे. जिल्ह्यात या काळात अतिवृष्टी होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरडी कोसळून झालेली जीवितहानी ताजी आहे. हवामान खात्याचा इशारा असताना ठरलेली सहल रद्द करणे यात कमीपणा नाही. या महिन्यात शाळांनी पुढील सहलींचे नियोजन करावे.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेस कोळीवाड्यांत सागरपूजन होते. गणेशोत्सवापूर्वी पेण येथील मूर्तिकारांचे कारखाने पाहणे हा विद्यार्थ्यांसाठी हस्तव्यवसायाचा जिवंत पाठ ठरतो. मात्र हा त्यांच्या धांदलीचा काळ असल्याने पूर्वसूचना देऊनच जावे. गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांनी गाड्या भरून जातात, तेव्हा सहल काढू नये.

सप्टेंबरच्या अखेरीस उरण तालुक्यातील चिरनेरला भेट द्यावी. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील जंगल सत्याग्रहात शेतकरी व आदिवासी बांधवांनी हौतात्म्य पत्करले. ऑक्टोबरमध्ये अलिबाग तालुक्यातील चरी हे गाव पाहावे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोती पद्धतीविरुद्ध १९३३ मध्ये येथून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सुमारे सहा वर्षे चालला. खारेपाटातील भातकापणीचे दिवस हेच; शेतीचे काम आणि तिचा इतिहास मुलांना एकत्रच पाहता येतो.

ग्रामपंचायतींचे कार्य

सहल बारमाही व्हावी यासाठी मोठ्या योजनांचीच आवश्यकता असते असे नाही. किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरांत फलकावर लिहाव्यात. धोक्याच्या जागी खुणेचे बावटे रोवावेत, जीवरक्षक नेमावेत आणि त्यांच्या सूचना मोडणाऱ्यास पाण्यातून बाहेर बोलवावे. घरगुती निवासांची यादी, त्यांचे मधल्या वारांचे दर आणि शाळांसाठीची सवलत यांचे पत्रक काढून ते पंचायत समित्या व शाळांकडे पाठवावे. शिक्षकांनी पंचांग व वेळापत्रक समोर ठेवून सहलीची तारीख ठरवावी, ती ठरल्यावर पालकांना दोन्ही वेळा लेखी कळवाव्यात आणि पाण्याजवळ प्रत्येक गटास एक जबाबदार व्यक्ती नेमून द्यावी.

यास खर्च थोडा आणि दक्षता अधिक लागते. तिथीचा पाऊणपट काढणे इयत्ता पाचवीच्या मुलासही जमण्यासारखे आहे. सहलीस निघण्यापूर्वी वर्गातल्या फळ्यावर तो हिशेब मुलांकडूनच करून घेतला, तर गणिताचा, भूगोलाचा आणि सावधानतेचा पाठ घेऊनच ती मुले किनाऱ्यावर पोहोचतील व सुखरूप घरी परततील.