आरोप परकेपणाचा

२०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची मराठी साहित्य संमेलनाध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. वसईच्या या लेखकाने ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षे संपादित केले होते, बायबल सुबोध मराठीत आणले होते, हरित वसईसाठी लढाही दिला होता. विरोधाला न जुमानता जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या व्यासपीठावर गेले.

‘तुमचा धर्म परका’ या टोमण्याला मराठी ख्रिस्ती माणसाकडे चिडण्याऐवजी दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. पण त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते मराठी ओव्यांत. रेव्हरंड टिळकांची भजने तर चर्चमध्ये आजही गातात.

मात्र प्रत्येक टीका अन्यायाची नसते. गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा (१५६० ते १८१२), विषय निघाला तर सारवासारव करू नये. जुलूम झाला, हे सरळ मान्य करावे. त्या जुलमाचा जाब आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारला, तर तो तेवढ्याच शांतपणे नाकारावा. नव्या करारातले पेत्राचे पहिले पत्रही आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सांगते. कठीण आहे, विशेषतः समोरचा ओरडत असताना.