लॉरेन्स सुलिव्हन : मुंबईचा व्यापारी, लंडनचा राजकारणी

अठराव्या शतकातील मराठी राजकारणाची चर्चा करताना आपण इंग्रजांचा उल्लेख बहुधा एकसंध सत्ता म्हणून करतो. तत्कालीन मराठी मुत्सद्दी मात्र मुंबईकर इंग्रज आणि कलकत्तेकर इंग्रज यांतील भेद ओळखून होते. मार्च १७७५ मध्ये मुंबईकरांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा निराळा तह झाला, हे याचे ठळक उदाहरण होय. परंतु या दोहोंच्या वर लंडन येथे तिसरे केंद्र होते. त्याचे स्वरूप समजून घेण्यास लॉरेन्स सुलिव्हन या गृहस्थाचे चरित्र विशेष उपयुक्त ठरते.

सुलिव्हनचा जन्म १७१३ च्या सुमाराचा. थोर घराण्याचे पाठबळ त्याला नव्हते. १७४१ साली तो मुंबईत कंपनीच्या चाकरीत रीतसर दाखल झाला. हा काळ ध्यानात घेतला पाहिजे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली होती आणि साष्टी मराठ्यांकडे आली होती. समुद्रावर आंगऱ्यांचे आरमार होते. मुंबईकरांनी कॅप्टन इंचबर्डला वसईकडे व कॅप्टन गॉर्डनला साताऱ्यास शाहू महाराजांकडे पाठविले. शहराभोवती खंदक खणण्याचे ठरले आणि त्यासाठी स्थानिक व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. पुढे जगभर पसरलेल्या साम्राज्याच्या या कारभाऱ्याने आपली उमेदवारी अशा भयग्रस्त, बेटापुरत्या मुंबईत केली.

कंपनीच्या नोकरांचे वेतन अल्प असे. खरी प्राप्ती खाजगी व्यापारातून होई. सुलिव्हननेही त्याच मार्गाने संपत्ती मिळविली. बंगालहून पुढे परतलेल्या नबाबी थाटाच्या इंग्रजांच्या मानाने ती माफकच होती. १७५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो स्वदेशी परतला. तो १७५५ साली कंपनीचा संचालक व १७५८ साली अध्यक्ष झाला. १७६२ मध्ये टाँटन मतदारसंघातून त्याने पार्लमेंटमध्ये प्रवेश केला. व्यापारी राजकारणी झाला तो या क्रमाने.

येथे कंपनीच्या घटनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. चोवीस संचालकांची निवड दरवर्षी होत असे. पाचशे पौंडांचे भाग धारण करणाऱ्यास एक मत होते. अधिक भाग असले तरी मत एकच. यातूनच एक युक्ती निघाली. श्रीमंत भागधारक आपले भाग पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत विश्वासू माणसांच्या नावे करीत आणि निवडणुकीपुरते मतदार निर्माण करीत. १७६३ साली सुलिव्हन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांच्यात जो सामना झाला, त्यात दोन्ही पक्षांनी हेच केले. सुलिव्हन विजयी झाला आणि मीर जाफरकडून क्लाइव्हला मिळालेल्या जहागिरीचे वार्षिक सुमारे सत्तावीस हजार पौंडांचे उत्पन्न संचालकांनी रोखले. १७६४ साली पारडे फिरले. क्लाइव्ह पुन्हा बंगालला गेला आणि १७६५ मध्ये कंपनीस दिवाणी मिळाली.

या संघर्षाकडे केवळ नीती विरुद्ध अनीती असे पाहता येत नाही. सुलिव्हन हा हिशेब, पत्रव्यवहार व शिस्त यांचा माणूस होता; परंतु सट्ट्याच्या मोहातून तोही सुटला नाही. हैदर अलीच्या यशाच्या वार्ता लंडनला पोहोचल्या आणि १७६९ मध्ये कंपनीच्या भागांचा भाव कोसळला, तेव्हा सुलिव्हन आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त झाला. कर्नाटकातील एका मोहिमेचा आघात लंडनच्या बाजारावर असा व्हावा, यातच त्या युगाचे मर्म आहे. १७७३ च्या नियामक कायद्याने मताची पात्रता एक हजार पौंडांवर नेली व संचालकांची मुदत चार वर्षांची केली.

वॉरन हेस्टिंग्जचा पाठिराखा या नात्याने सुलिव्हन पुन्हा पुढे आला व १७८१ मध्ये अध्यक्ष झाला. त्याच वर्षी हेस्टिंग्जने अफूचा मक्ता सुलिव्हनचा पुत्र स्टीफन यास दिला. त्याने तो नफा घेऊन दुसऱ्यास विकला. हेस्टिंग्जवरील महाभियोगात हे प्रकरण गाजले.

मराठी वाचकास १७८१ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटेल. राघोबादादांचे वकील हनुमंतराव याच वर्षी मणियार पारशी यांच्यासह लंडनमध्ये होते. त्यांचा आचारधर्म पाळता यावा म्हणून एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी आश्रय दिला. मराठी माणूस त्या तिसऱ्या केंद्रापर्यंत पोहोचला होता, आणि तेव्हा तेथे अध्यक्षपदी मुंबईचा एक जुना व्यापारी होता. परंतु हनुमंतराव ज्यांची बाजू मांडत होते त्या राघोबादादांचा पक्ष तोवर दुर्बळ झाला होता. मे १७८२ मध्ये झालेल्या सालबाईच्या तहाने राघोबादादांचा प्रश्न निकालात निघाला. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

फेब्रुवारी १७८६ मध्ये सुलिव्हन निवर्तला. त्याचे चरित्र एवढेच सुचविते की, पुण्याच्या दरबारात ज्या इंग्रजी धोरणाचा अन्वय मुंबई वा कलकत्त्याच्या हेतूंत शोधला जाई, त्याचा एक धागा लंडनच्या भागबाजारात आणि संचालकांच्या निवडणुकीत गुंतलेला होता. मराठेशाहीच्या उत्तरकाळाचा अभ्यास करताना तोही हाती धरणे अगत्याचे आहे.