अंत्यविधीचे वतन: पाटण खोऱ्यातील पिढीजात कामांची कहाणी

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात अंत्यविधीचे काम कोणा एका घराण्याच्या हाती कधीच नव्हते. लंडनचे लेव्हर्टन घराणे १७८९ पासून अंत्ययात्रांची व्यवस्था पाहते आणि १९९१ पासून ब्रिटिश राजघराण्याचे कामही त्याच्याकडे आहे. कोयना नदीकाठच्या गावांत मात्र हेच काम अनेक घरांत वाटलेले होते. महार, कुंभार, न्हावी, जोशी यांच्या घरांत त्यातला एकेक भाग बापाकडून मुलाकडे जाई आणि त्याचा मोबदला सुगीत, खळ्यावर, धान्याच्या रूपाने मिळे. या बलुतेदारीचे सविस्तर वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात आहे.

सगळ्यात कष्टाचा वाटा महार वतनदारांकडे होता. गावात कोणी गेले की परगावच्या लेकीबाळींना आणि सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा पोचवायचा तो त्यांनीच. पाटणसारख्या डोंगरी मुलखात याचा अर्थ रात्रीअपरात्री घाट चढून जाणे, पावसाळ्यात ओढे ओलांडणे असा होता. सरणाची लाकडे स्मशानात नेऊन टाकणे हेही त्यांच्याकडेच होते. त्याबद्दल प्रेतावरचे कापड त्यांना मिळे. महारांच्या परंपरागत बावन्न हक्कांत त्याची गणना होई. कुंभाराने मडकी द्यायची आणि न्हाव्याने नदीकाठी सुतकातल्या पुरुषांचे क्षौर करायचे. दहाव्याची क्रिया करणारे भटजी ठरलेले असत. लिंगायत घरांत दफनाची रीत असल्याने तिथे जंगमाला मान होता.

उरलेले काम भावकीचे. ते विनामोबदला असे आणि आजही आहे. तिरडी बांधण्यासाठी दोन लांब कळक समांतर ठेवतात, त्यांच्यावर आडव्या कामट्या टाकून सुंभाने आवळतात, वर कडबा किंवा गवत पसरून पांढरे कापड घालतात. अंघोळ घातलेला देह त्यावर ठेवून बांधला जातो. गुलाल-बुक्का उधळतात. कर्ता मुलगा विस्तवाचे मडके शिंकाळ्यात धरून पुढे चालतो. वाटेत विसाव्याच्या जागी तिरडी टेकवतात, तिथे पुढचे खांदेकरी मागे होतात आणि मागचे पुढे येतात. स्मशानात कर्ता पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन सरणाला तीन फेऱ्या घालतो. दर फेरीला दगडाने मडक्याला भोक पाडतात आणि शेवटी मडके मागे टाकून फोडतात. तोच दगड जीवखडा म्हणून दहाव्या दिवसापर्यंत जपतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होते. पाटणमध्ये ते कोयना-केरा नद्यांच्या काठी करता येते. तीर्थाची हौस असणारे कराडच्या प्रीतिसंगमावर किंवा साताऱ्याजवळच्या संगममाहुलीला जातात. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. माहुलीला साताऱ्याच्या राजघराण्यातल्या व्यक्तींच्या समाध्या आहेत.

या व्यवस्थेत माणूस गेल्यावर कुठल्याही घराची अडचण होत नसे, हे खरे. पण ते काम निभावले जाई ते काही घरांच्या वेठीवर. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने महार वतनदाराची नोकरी सरकारी दप्तरात पक्की केली. बदल्यात मिळणारी इनाम जमीन भावाभावांत वाटली जाऊन तुटपुंजी झाली, बलुते गावकऱ्यांच्या मर्जीवर राहिले आणि काम मात्र आठही प्रहरांचे उरले. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्याआधी १९२७ च्या महाड परिषदेपासूनच, महारांवर लादलेले मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडून द्या, असे आवाहन होत होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर नवबौद्ध कुटुंबांनी स्वतःचे अंत्यसंस्कारही बौद्ध पद्धतीने सुरू केले. अखेर कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आला आणि वतन संपले. त्याच वर्षीच्या ग्रामपंचायत अधिनियमात स्मशानभूमीची देखभाल पंचायतीच्या कामांत गणली गेली. जे काम शतकानुशतके जन्माने ठरत होते, ते कागदावर तरी सार्वजनिक झाले.

कामाचा कलंक मात्र दोन्ही टोकांना होता. प्रेताच्या कापडावर हक्क असलेल्या घरांना जसे गावाबाहेर ठेवले गेले, तसे मृत्यूचे विधी करणाऱ्या किरवंत ब्राह्मणांना त्यांच्याच जातीत खालचे मानले गेले. इतर घरे त्यांच्याशी सोयरीक टाळत. प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ हे नाटक याच बहिष्कारावर आहे. बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’ कादंबरीत आणि तिच्यावरच्या चित्रपटात पैठणच्या घाटावर या विधींवर जगणाऱ्या माणसांचे जग आले आहे.

पाटण तालुक्यात हा गावगाडा मोडण्याला आणखी एक कारण होते. कोयना धरण झाले आणि त्याच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली गावे गेली. विस्थापितांचे पुनर्वसन सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत झाले. एकेका गावाची माणसे पांगली, तशी एकमेकांच्या सुखदुःखाला बांधलेली बलुत्याची घरेही सुटी झाली. नव्या वसाहतींत सरणाची जागा कुठली, इथपासून प्रश्न सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनानगर परिसरात मोठी प्राणहानी झाली. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. घराघरात एका वेळी एक मृत्यू धरून बसवलेली रीत अशा प्रसंगी पुरी पडत नाही. ढिगाऱ्यातून मृतदेह काढण्यापासूनचे काम सरकारी पथकांना करावे लागते.

रोजच्या अंत्यविधीतही इथे सगळ्यात मोठा अडसर पावसाचा. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका देहाला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागते. ते ओले असेल तर सरण धुमसत राहते. म्हणून डोंगरी गावांची मागणी असते ती स्मशानशेडची, लोखंडी दाहिनीची आणि तिथपर्यंत जाणाऱ्या रस्त्याची. जनसुविधा योजनेतून ग्रामपंचायतींना अशा कामांसाठी निधी मिळतो. लाकडाला पर्याय म्हणून शेणींचाही वापर वाढला आहे. कोल्हापुरात महापालिका पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कार करते आणि होळीच्या वेळी नागरिक तिथे शेणी दान करतात. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात काही कुटुंबे राख नदीत न सोडता शेतात टाकून त्यावर झाड लावतात.

वतनाची जागा बाजारानेही घेतली आहे. बाजारपेठेच्या गावांत ‘अंत्यविधीचे साहित्य मिळेल’ अशी पाटी आणि खाली मोबाईल क्रमांक दिसतो. कळक, कामट्या, सुंभ, मडकी, कापड, गुलाल, तुळशीची माळ असा सगळा संच तिथे एकत्र मिळतो. दुकान बंद असले तरी मालक रात्री दार उघडतो आणि गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. पाटणहून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या कुटुंबांना आणखी वेगळी सोय लागते. देह गावी न्यायचा तर शववाहिका ठरवावी लागते आणि तिच्या खर्चाला अनेकदा गावाचे मुंबई मंडळ हातभार लावते. देहाचे दहन मुंबईतच करायचे, तर चाळीत सहज जमणारी भावकी आता सोसायटीत जमतेच असे नाही. या गरजेवर ‘सुखान्त’सारख्या कंपन्या मुंबईत उभ्या राहिल्या. खांदेकऱ्यांपासून भटजींपर्यंत सगळी व्यवस्था त्या पैसे घेऊन करतात.

वतन रद्द झाले म्हणून कामाचे ओझे सारखे वाटले गेले, असे झालेले नाही. खेड्यात खांदा द्यायला सगळी भावकी येते, सांगावा फोनवर जातो, मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत होते. पण शहरांच्या स्मशानभूमीत राख उपसणारे आणि बेवारस मृतदेह उचलणारे हात बहुतेक ठिकाणी अजून त्याच समाजांतले आहेत, आणि आता ते पुष्कळदा कंत्राटावर असतात. करोनाच्या साथीत नातेवाईक जवळ येऊ शकत नव्हते तेव्हा हेच कर्मचारी पुढे होते. वतनात किमान इनामाची जमीन तरी लेखी होती. कंत्राटात तेवढीही हमी नाही. या कामाला नियमित पगार, हातमोज्यांपासून विम्यापर्यंतचे संरक्षण आणि कोणत्याही घरातला माणूस ते पत्करील इतका मान मिळाला, तरच १९५८ चा कायदा पुरा झाला असे म्हणता येईल.