सुएझची मोहीम अर्ध्यावर का थांबली?

१९५६ सालच्या नोव्हेंबरच्या ६ तारखेस पहाटे ब्रिटिश व फ्रेंच सैन्ये समुद्रमार्गे पोर्ट सैदच्या किनाऱ्यावर उतरली, आणि त्याच मध्यरात्री त्यांनी लढाई थांबविली. छत्रीधारी सैनिक आदल्या दिवशीच उतरले होते. इजिप्तचे हवाई दल बहुतांशी जमिनीवरच नष्ट झाले होते. आघाडीची तुकडी कालव्याच्या काठाने सुमारे २३ मैल दक्षिणेस, एल काप या ठिकाणापर्यंत पोचली होती आणि तिच्यापुढे म्हणण्यासारखा अडथळा उरला नव्हता. रणांगणावर पराभव झालेला नसता, किंबहुना यश दृष्टिपथात आले असता, दोन मोठ्या राष्ट्रांनी चढाईच्या दुसऱ्याच दिवशी हात आवरता घ्यावा, ही घटना आधुनिक इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. तिची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रश्नास सर्वसाधारणपणे दोन उत्तरे देण्यात येतात. सोव्हिएत रशियाने दिलेल्या अग्निबाणांच्या धमकीमुळे लंडन व पॅरिस नमले, हे पहिले. संयुक्त राष्ट्रसंघात जगाचे लोकमत प्रकट झाले व त्यापुढे आक्रमकांना मान तुकवावी लागली, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु निर्णायक कारण त्यांत सापडत नाही असे आमचे मत आहे. ते शोधण्यास रणभूमी सोडून लंडनच्या अर्थखात्याकडे वळावे लागते.

तत्पूर्वी पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेऊ. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झालेला हा कालवा ज्या कंपनीच्या ताब्यात होता तिचा मक्ता ९९ वर्षांचा, म्हणजे १९६८ पर्यंतचा होता. कर्जबाजारी खेदिव इस्माईलचे १,७६,६०२ भाग १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने सुमारे ४० लक्ष पौंडांस विकत घेतले. १८८२ मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये शिरली. आणि १८८८ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या कराराने युद्धकाळी व शांततेच्या काळी सर्व राष्ट्रांच्या जहाजांस कालवा मोकळा राहील असे ठरले. मुंबई बंदराच्या भरभराटीत या कालव्याचा वाटा केवढा होता हे निराळे सांगावयास नको. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून होणारा मुंबई-लंडन प्रवास त्याने चार हजार मैलांहून अधिक कमी केला. १९५४ च्या करारानुसार कालव्याच्या परिसरातील अखेरचे ब्रिटिश सैनिक १३ जून १९५६ रोजी निघून गेले. पुढच्याच महिन्यात, १९ जुलै रोजी, अमेरिकेने आस्वान धरणासाठी देऊ केलेले साहाय्य परत घेतले. ब्रिटननेही तेच केले, आणि या दोघांच्या मदतीशी निगडित असलेले जागतिक बँकेचे २० कोटी डॉलरचे कर्जही त्याबरोबर बुडाले. २६ जुलैच्या रात्री आलेक्झांड्रिया येथील सभेत नासर यांनी कालवा कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. भाषणात कालव्याचा जनक लेसेप्स याचे नाव उच्चारले जाताच कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्यावयाच्या, असा संकेत आधीच ठरलेला होता.

कायद्याच्या दृष्टीने नासर यांची बाजू दिसते त्याहून भक्कम होती. कंपनी इजिप्तच्या कायद्याखाली नोंदलेली होती, आणि पॅरिसच्या रोखेबाजारातील अखेरच्या भावाने भागधारकांना मोबदला देण्याचे त्यांनी त्याच घोषणेत मान्य केले होते. उरला प्रश्न वाहतुकीचा. कालव्यातून जहाजे नेणे हे अनुभवी वाटाड्यांचे काम असून ते इजिप्शियनांना साधणार नाही, असा युरोपात सार्वत्रिक समज होता. सप्टेंबरच्या मध्यास परदेशी वाटाडे कंपनीच्या प्रेरणेने काम सोडून गेले. तरीही इजिप्शियन, ग्रीक व नव्याने आलेल्या इतर वाटाड्यांच्या हातून जहाजे पूर्ववत ये-जा करीत राहिली. बळाच्या वापरासाठी जे समर्थन हवे होते ते येथेच नाहीसे झाले. ऑगस्टमध्ये लंडन येथे भरलेल्या २२ राष्ट्रांच्या परिषदेत १८ राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या योजनेस पाठिंबा दिला होता. भारत, सिलोन, इंडोनेशिया व रशिया यांनी तो दिला नाही. भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी इजिप्तचे स्वामित्व मान्य करून कालवा वापरणाऱ्यांना सल्लागाराचे स्थान देणारी पर्यायी योजना मांडली, ती मागे पडली.

समर्थन उरले नाही तेव्हा ते निर्माण करण्यात आले. पॅरिसनजीक सेव्र येथील एका बंगल्यात २२ ते २४ ऑक्टोबर या दिवसांत तिन्ही राष्ट्रांची गुप्त बैठक झाली आणि २४ तारखेस पॅट्रिक डीन, पिनो व बेन गुरियन यांनी लेखावर सह्या केल्या. इस्रायलने सिनाईत चढाई करावी, ब्रिटन व फ्रान्स यांनी दोन्ही पक्षांस कालव्यापासून मागे हटण्याचे निर्वाणीचे पत्र द्यावे आणि इजिप्तने ते नाकारताच 'शांतिरक्षणार्थ' कालव्यावर उतरावे, असा हा बेत होता. २९ ऑक्टोबरला चढाई झाली, ३० ला निर्वाणीचे पत्र निघाले. दोघांनीही कालव्यापासून दहा मैल दूर राहावे असे त्यात म्हटले होते. पण इस्रायली सैन्याचा बराचसा भाग त्या वेळी कालव्यापासून त्याहून पुष्कळ दूर होता. म्हणजे इजिप्तने स्वतःच्या भूमीतून माघार घ्यावी व इस्रायलने पुढे सरकावे, असा या निःपक्षपाती म्हणविणाऱ्या पत्राचा सरळ अर्थ होता! ईडन यांनी आपल्याकडील प्रत नष्ट करविली आणि २० डिसेंबर रोजी पार्लमेंटात पूर्वकल्पनेचा इन्कार केला. इस्रायलमधील प्रत मात्र शिल्लक राहिली व १९९६ साली प्रकाशात आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २ नोव्हेंबर रोजी ६४ विरुद्ध ५ मतांनी युद्धबंदीची मागणी केली. सैन्ये उतरली ती त्यानंतर तीन दिवसांनी. तेव्हा केवळ ठरावाने मोहीम थांबली असे म्हणता येत नाही. मॉस्कोहून बुल्गानिन यांचे धमकीचे पत्र ५ तारखेच्या रात्री आले हे खरे. पण ते पॅरिसलाही गेले होते. आणि पॅरिसमधील मोले सरकारला लढाई निदान आणखी काही काळ चालवावयाची होती! धमकी एकच, ठरावही एकच, मग एकाचा धीर सुटावा व दुसऱ्याचा सुटू नये, हे कसे? त्यातून रशियाचे रणगाडे ४ तारखेपासून बुडापेस्टमध्ये गुंतलेले होते. ही तुलना केली असता दोन राष्ट्रांच्या परिस्थितीत असलेला एक महत्त्वाचा भेद दृष्टीस पडतो. तो पैशाच्या बाबतीतला आहे.

पौंड हे त्या काळी एकट्या ब्रिटनचे नाणे नव्हते. स्टर्लिंग गटातील देश आपली परकीय चलनाची शिल्लक लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने ठेवीत असत. भारतही त्यांपैकीच होता. युद्धकाळात साचलेल्या स्टर्लिंग शिलकांच्या फेडीसंबंधी लंडनशी झालेल्या वाटाघाटींत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर या नात्याने चिंतामणराव देशमुख यांनी भाग घेतला होता हे वाचकांस स्मरत असेल. या सर्व देण्यांच्या मानाने लंडनची सोने व डॉलर यांची गंगाजळी फारच तुटपुंजी होती. पौंडाची हुंडणावळ १९४९ च्या अवमूल्यनानंतर २.८० डॉलर अशी ठरविलेली होती आणि दोन अब्ज डॉलर ही गंगाजळीची किमान सुरक्षित पातळी मानली जात होती. ती ओलांडली गेली तर दुसरे अवमूल्यन अटळ आहे असे बाजार समजेल, अशी धास्ती होती.

अशा स्थितीत कोणी उघड सट्टा खेळण्याचीही आवश्यकता नसते. पौंडाचा भाव उतरणार अशी नुसती शंका आली की ज्यांना पौंडांत देणे आहे ते परदेशी व्यापारी पैसे भरण्यास विलंब लावतात, आणि ज्यांना डॉलरांत देणे आहे ते ब्रिटिश आयातदार मुदतीपूर्वीच डॉलर खरेदी करून मोकळे होतात. प्रत्येकाचे वर्तन शहाणपणाचे व कायदेशीर असते. परंतु दोहोंचा भार पडतो तो मध्यवर्ती बँकेवर, कारण ठरलेल्या भावाने डॉलर पुरविणे तिला भाग असते. सप्टेंबरात गंगाजळी ५ कोटी ७० लक्ष डॉलरांनी घटली, ऑक्टोबरात ८ कोटी ४० लक्षांनी, आणि एकट्या नोव्हेंबरात २७ कोटी ९० लक्षांनी. त्यात तेलाची भर पडली. ज्या वाहतुकीच्या रक्षणासाठी मोहीम काढली ती वाहतूक इजिप्तने कालव्यात जहाजे बुडवून ठप्प केली. सीरियात इराकी तेलवाहिनीची पंपगृहे ३ नोव्हेंबर रोजी उडविण्यात आली. पौंडांत मिळणारे तेल बंद झाल्यावर ते अमेरिका खंडातून डॉलर मोजून आणणे प्राप्त झाले. ज्या दुखण्यावर उपाय म्हणून शस्त्रक्रिया केली, तेच दुखणे शस्त्रक्रियेने विकोपास नेले.

यातून सुटण्याचा मार्ग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून रक्कम उचलणे हा होता आणि त्यास अमेरिकेची अनुमती व्यवहारतः अपरिहार्य होती. आयसेनहॉवर ६ नोव्हेंबरच्या निवडणुकीस सामोरे जात होते, मित्रांनी अंधारात ठेवल्यामुळे संतापलेले होते, आणि हंगेरीत रशियाचा निषेध करावयाचा तर इजिप्तवरील आक्रमणाकडे काणाडोळा करणे त्यांस शक्य नव्हते. युद्ध थांबल्यावाचून डॉलर मिळणार नाहीत, ही वॉशिंग्टनची भूमिका होती. फ्रान्सने मात्र ऑक्टोबरातच, पेचप्रसंग टोकास जाण्यापूर्वी, नाणेनिधीकडून २६ कोटी २५ लक्ष डॉलरची तरतूद मंजूर करून घेतली होती. शिवाय फ्रँक हे जगाच्या शिलकेचे नाणे नव्हते. ब्रिटिश अर्थमंत्री मॅक्मिलन यांनी अशी आगाऊ व्यवस्था का केली नाही हे कोडेच आहे. मोहिमेचा आग्रह धरणाऱ्यांत तेच अग्रभागी होते. ६ नोव्हेंबरच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत, एका आठवड्यात १० कोटी पौंड गेले असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. नंतरच्या संशोधनावरून हा आकडा प्रत्यक्षाच्या तिपटीहून अधिक होता असे दिसते. ही चूक घाईतली की हेतुपुरस्सर, याविषयी मतभेद आहेत. आमच्या मते या वादास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देण्यात आले आहे. खरा आकडा सांगितला असता तरी ओहोटीची दिशा बदलली नसती, आणि महिनाअखेर गंगाजळी दोन अब्जांच्या खाली गेलीच. एवढे खरे की त्या दिवशीचा निर्णय ज्या आकड्याच्या सावलीत झाला तो आकडा बरोबर नव्हता.

ईडन यांनी मोले यांना दूरध्वनीवरून निर्णय कळविला. संयुक्त सेनापतिपद ब्रिटिशांकडे असल्यामुळे फ्रान्सला एकट्याने पुढे जाणे शक्य नव्हते. संयुक्त राष्ट्रसंघाचे महत्त्व येथे प्रत्ययास येते. कॅनडाचे पिअर्सन यांच्या सूचनेवरून आमसभेने ४ नोव्हेंबरला आणीबाणी दलाची कल्पना उचलून धरली होती. कालवा या दलाच्या हाती सोपवीत आहोत असे म्हणून माघार घेण्याची सोय झाली. ठरावाने सैन्य थांबविले नाही. थांबलेल्या सैन्यास परतण्याची वाट मात्र करून दिली. या दलात भारतीय तुकडीही होती आणि १९५९ पासून काही वर्षे त्याचे सेनापतिपद मेजर जनरल ग्यानी या भारतीय अधिकाऱ्याकडे होते.

युद्धबंदी होताच डॉलर मिळतील ही लंडनची अपेक्षाही फोल ठरली. संपूर्ण माघार ही पुढची अट होती. ३ डिसेंबर रोजी माघारीची घोषणा झाली आणि १० डिसेंबर रोजी नाणेनिधीने ५६ कोटी १० लक्ष डॉलर तत्काळ व सुमारे ७४ कोटी राखीव मंजूर केले. २२ डिसेंबरपर्यंत अखेरचे सैनिक पोर्ट सैदहून निघाले. ब्रिटनमध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले होते ते मे १९५७ पर्यंत चालले. ९ जानेवारीस ईडन यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी मॅक्मिलन आले.

बुडविलेली जहाजे काढून एप्रिल १९५७ मध्ये कालवा इजिप्तच्याच व्यवस्थेखाली पुन्हा खुला झाला. भागधारकांच्या मोबदल्याचा प्रश्न जागतिक बँकेच्या मध्यस्थीने जुलै १९५८ मध्ये मिटला. २ कोटी ८३ लक्ष इजिप्शियन पौंड देण्याचे कैरोने मान्य केले व ते हप्त्याहप्त्याने फेडले.