खेळाडूची अभिवृत्ती : घडते कशी, बदलते कशी?

एखाद्या व्यक्तीविषयी वा गोष्टीविषयी मनात जो अनुकूल किंवा प्रतिकूल कल तयार होतो, त्यास मानसशास्त्रात अभिवृत्ती म्हणतात. विचार, भावना व कृती ही तिची तीन अंगे. ती जन्मजात नसते. घर, शाळा, सोबती व अनुभव यांतून घडते. ‘खेळाने अभ्यास बुडतो’ असे रोज ऐकणारे मूल मैदानापासून दूरच राहते.

ती बदलते विश्वासू माणसाच्या समजावण्याने, लहानलहान यशाने आणि समान ध्येयासाठी एकत्र खेळण्याने. मात्र नुसता सहवास पुरत नाही. दर्जाही समान हवा. बाळू पालवणकरांच्या गोलंदाजीवर पुण्याचा हिंदू संघ जिंकत असे. पण त्यांना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये विठ्ठल व शिवराम या धाकट्या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. कर्तृत्वाला स्वाभिमानाची जोड मिळाली, तेव्हाच समाजाची वृत्ती हलली.

आमच्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांनो, मैदान जवळ आहे. ‘मला जमणार नाही’ ही वृत्ती आपण आधी बदलू या.