फळा, परस्परक्रियात्मक व प्रतिसाद उपकरणे

स्पर्श वा लेखणीद्वारे संगणकाचे नियंत्रण करता येईल असा फळा आणि वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचे उत्तर एकाच वेळी नोंदविणारी साधने. पहिल्याने आशयाचे सादरीकरण होते, तर दुसऱ्याने आकलनाची पारख होते.

कॅनडातील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९१ मध्ये असा फळा बाजारात आणला. प्रक्षेपक संगणकाच्या पडद्यावरील चित्र फळ्यावर टाकतो व फळा स्पर्शाचे स्थान संगणकाला कळवितो. हे स्थान ओळखण्याच्या अनेक पद्धती आहेत. रोधी प्रकारात दाबामुळे दोन संवाहक पापुद्रे एकमेकांस टेकतात. विद्युत् चुंबकीय प्रकारात फळ्यामागील तारांचे जाळे विशिष्ट लेखणी ओळखते. अवरक्त प्रकारात चौकटीतील किरण बोटामुळे अडविले जातात. प्रक्षेपक हलल्यास चित्र व स्पर्श यांचा मेळ पुन्हा जुळवावा लागतो. शिक्षकाची सावली पडणे हा दोष फळ्याजवळ बसविलेल्या प्रक्षेपकाने कमी होतो, तर प्रक्षेपकरहित सपाट पटलात तो उरत नाही.

प्रतिसाद उपकरणावर विद्यार्थी पर्यायाची कळ दाबतो. संकेत ग्राहकाकडे जातात व उत्तरांचा स्तंभालेख पडद्यावर उमटतो. हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ पासून विकसित केलेल्या सहाध्यायी-अध्यापन पद्धतीत या साधनाचा उत्तम उपयोग झाला. प्रथम प्रत्येकजण स्वतंत्रपणे उत्तर देतो; मते विभागली गेल्यास शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर देतो; नंतर शिक्षक स्पष्टीकरण करतो. मेझर यांनी आरंभी उत्तरासाठी साधी पत्रेच वापरली होती, यावरून महत्त्व यंत्रापेक्षा प्रश्नाला आहे, हे स्पष्ट होते.

अल्प खर्चाचा पर्याय म्हणजे छापील संकेतपत्रे. पत्राची कोणती बाजू वर धरली आहे, यावरून शिक्षकाच्या मोबाइलचा कॅमेरा उत्तर टिपतो. मुलांजवळ यंत्र असावे लागत नाही.

भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा योजनेने प्राथमिक शाळांना किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व आवश्यक साहित्य देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यानंतर तीन दशकांनी महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापले जाऊ लागले. या प्रयोगाशी निगडित असलेले सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

मुळशी तालुक्यातील मारुंजीसारख्या, हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानालगतच्या गावांत कामानिमित्त आलेल्या कुटुंबांमुळे एकाच वर्गात भिन्न मातृभाषांची मुले येतात. भाषेच्या संकोचाने हात वर न करणाऱ्या मुलाला चित्ररूप प्रश्नाचे उत्तर निनावीपणे देता येते आणि चूक नेमकी कोठे होते, हे शिक्षकास त्याच तासाला उमगते.

मर्यादाही आहेत. वीजपुरवठा, देखभाल व शिक्षकांचे प्रशिक्षण यांवाचून फळा केवळ महागडा पडदा ठरतो. पर्यायी प्रश्नांत स्मरणालाच वाव दिल्यास विचारशक्तीची कसोटी लागत नाही. लेखन व तोंडी विवेचन यांची जागा ही उपकरणे घेऊ शकत नाहीत. स्तंभालेख पाहून शिक्षकाने अध्यापनाची पुढील दिशा बदलली, तरच त्यांवरील खर्च सार्थ होतो.