पंधरा वर्षं कोणी विचारत नाही

रावेर-यावलहून केळी भरून निघणाऱ्या पिकअपवाल्याला गाडीच्या पासिंगची तारीख तोंडपाठ असते. मालवाहू आणि प्रवासी गाड्यांचं फिटनेस प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी काढावं लागतं. घरची कार मात्र यातून सुटली आहे. एमएच 19 असो की एमएच 18, खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिचे ब्रेक कसे लागतात हे आरटीओ विचारत नाही. पीयूसी काढावंच लागतं, पण त्यात फक्त धूर तपासला जातो. ब्रिटनमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची आहे. आपल्याकडची ही मोकळीक मला धोक्याची वाटते.

म्हणून तपासणीसाठी वर्षातला एक दिवस आपणच ठरवावा. खानदेशात तो फेब्रुवारीच्या अखेरीस असावा, ऊन तापायच्या आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्याच सुमाराला लग्नसराई असते. पुण्याहून, सुरतेहून गाड्या माणसं आणि सामान भरून येतात. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि महामार्गाचं डांबर त्याहून कितीतरी तापलेलं.

तपासणीच्या दिवशी सगळ्यात आधी टायर बघावेत. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते चूक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्या दबण्यानंच तो आतून तापतो आणि वेगात फुटतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब सकाळी, गाडी निघण्याआधी भरावा. भरलेल्या गाडीसाठी तिथे बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. '2319' म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरच्या बाजूवर बारीक भेगा पडतात. त्या दिसल्या तर तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये. स्टेपनी तर हमखास विसरली जाते.

कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरणार असाल तर ब्रेक ऑइलही विचारा. ते हवेतलं पाणी शोषतं. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. कूलंट, पंख्याचा बेल्ट, बॅटरी त्याच फेरीत पाहून घ्यावी.

पंधरा वर्षं पूर्ण होत आली की कायदाच दार ठोठावतो. नोंदणीची मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत परिवहन पोर्टलवर अर्ज करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5000 रुपये झालं. वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. निरीक्षक चेसिस नंबर पडताळतो, दिवे, हॉर्न, ब्रेक बघतो. विमा, पीयूसी आणि पर्यावरण कराची पावती जवळ हवी. गाडी 1 एप्रिल 2019 आधीची असेल, तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट आधी बसवून घ्या.